नोंदणी न झालेली आयात मोटार तपासणीसाठी कायदेशीरपणे कशी न्यावी : बेळगाव सीमाभागातील वाहनधारकांसाठी सविस्तर मार्गदर्शन

परदेशातून आणलेली मोटार कस्टममधून सुटली, तिच्यावरचा कर भरला गेला आणि चावी हातात आली, की आता फक्त पासिंगचे काम उरले असे बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात कायद्याच्या दृष्टीने सर्वांत अवघड टप्पा तिथूनच सुरू होतो. नोंदणी करायची तर गाडी परिवहन कार्यालयात समक्ष दाखवावी लागते, आणि दाखवायला न्यायची तर ती नोंदणी नसताना रस्त्यावर आणावी लागते. हे अंतर कधी न्हावा शेवा ते बेळगाव असे सुमारे पाचशे किलोमीटरचे असते, तर कधी टिळकवाडीतल्या घरापासून आरटीओपर्यंतचे चार-पाच किलोमीटरचे. कायदा दोन्हींना एकच नियम लावतो. हा लेख त्या प्रवासाविषयी आहे. निपाणी, चिक्कोडी, खानापूर, बेळगाव या पट्ट्यात राहणाऱ्या आणि महाराष्ट्रातील बंदरातून गाडी उतरवून घेणाऱ्या वाहनधारकाला डोळ्यांसमोर ठेवून तो लिहिला आहे.

मूळ नियम स्पष्ट आहे. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 39 नुसार नोंदणी नसलेले आणि नोंदणी क्रमांक न लावलेले वाहन सार्वजनिक ठिकाणी चालवता येत नाही, आणि मालकाने दुसऱ्या कोणाला ते चालवू देणे हाही तितकाच गुन्हा आहे. कलम 192 प्रमाणे पहिल्या वेळी किमान 2000 आणि कमाल 5000 रुपये दंड आहे. पुन्हा तीच चूक घडली तर किमान 5000 आणि कमाल 10000 रुपये दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. दंडापेक्षा जड पडते ते कलम 207, कारण त्याखाली पोलीस अशी गाडी ताब्यात घेऊन ठेवू शकतात. लाखो रुपयांची गाडी पोलीस ठाण्याच्या आवारात उन्हापावसात उभी राहिली, तर तिचे जे नुकसान होते त्यापुढे दंडाची रक्कम किरकोळ वाटते.

येथे एक गैरसमज आधीच दूर करायला हवा. ब्रिटनमध्ये ठरवून घेतलेल्या तपासणीला नोंदणी न झालेली गाडी विमा काढून थेट चालवत नेण्याची सवलत आहे. तिकडे राहणारे नातेवाईक आपल्या अनुभवावरून तोच सल्ला देतात आणि इंटरनेटवरही तो सहज सापडतो. आपल्या कायद्यात अशी सवलत नाही. परिवहन कार्यालयाची वेळ घेतल्याची पावती खिशात असली, तरी तिच्या जोरावर गाडी रस्त्यावर आणता येत नाही. कलम 39 मध्ये अपवाद आहे तो विक्रेत्याच्या ताब्यातील वाहनाला, आणि तोही ठरावीक अटींवर. सर्वसामान्य मालकापुढे म्हणून तीनच रस्ते उरतात : गाडी कॅरिअरवर, म्हणजे गाड्या वाहून नेणाऱ्या ट्रकवर, चढवून नेणे, व्यापार प्रमाणपत्र असलेल्या विक्रेत्याने किंवा आयातदाराने ती नेणे, किंवा तात्पुरती नोंदणी करून ती चालवत नेणे.

गाडी नोंदणीयोग्य आहे का, हे आधी पाहावे

प्रवासाचा विचार करण्यापूर्वी ही गाडी भारतात नोंदवता येते का, याची खात्री करावी. वापरलेली मोटार आयात करायची तर ती उत्पादनाच्या तारखेपासून तीन वर्षांपेक्षा जुनी नसावी, तिचे स्टीअरिंग उजव्या बाजूला असावे, वेगमापकावर किलोमीटरचे आकडे असावेत आणि दिव्यांचा झोत डाव्या बाजूने चालणाऱ्या वाहतुकीला साजेसा असावा. अशी गाडी मुंबईच्या बंदरातूनच आणता येते. बेळगावहून मुरगाव जवळ आहे किंवा मंगळूर सोयीचे आहे, म्हणून तिथे गाडी उतरवण्याचा बेत आखू नये. आखाती देशांतून परतणाऱ्यांनी विशेष लक्षात ठेवावे, की दुबई, मस्कत किंवा कुवेत येथील गाड्यांचे स्टीअरिंग डाव्या बाजूला असते, त्यामुळे तिथली आवडती गाडी सोबत आणण्याचा विचार बहुधा इथेच थांबतो. ब्रिटनमधील गाडीचे स्टीअरिंग योग्य बाजूला असते, पण तिच्या वेगमापकावर मैलाचे आकडे असतात. ती अडचण गाडी जहाजावर चढण्यापूर्वीच सोडवलेली बरी.

वापरलेल्या गाडीला निर्यातीपूर्वीच्या तपासणीचे प्रमाणपत्र लागते, आणि बंदरावर पोहोचल्यानंतर कस्टममधून सुटण्यापूर्वी तिची चाचणी अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथील व्हीआरडीई किंवा पुण्यातील एआरएआय यांसारख्या मान्य संस्थेकडून करून घ्यावी लागते. ही चाचणी आणि आरटीओतील तपासणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची गल्लत फार होते. पहिल्या चाचणीच्या वेळी गाडी अजून कस्टमच्या ताब्यातील माल असते, त्यामुळे ती स्वतः चालवत पुण्याला किंवा अहिल्यानगरला नेण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. क्लिअरिंग एजंट, म्हणजे कस्टमची कामे करून देणारा मध्यस्थ, ती ट्रकवर घालूनच नेतो. या लेखातील प्रवास त्यानंतरचा, म्हणजे बंदरातून सुटल्यापासून आरटीओच्या निरीक्षकासमोर उभे राहण्यापर्यंतचा आहे.

कागदपत्रे आणि चासी नंबर

केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम 47 प्रमाणे गाडीचा ताबा मिळाल्यापासून सात दिवसांत, प्रवासाचा काळ वगळून, नोंदणीचा अर्ज करायचा असतो. तात्पुरती नोंदणी घेतली असेल तर तिची मुदत संपण्यापूर्वी. अर्ज नमुना 20 मध्ये भरतात. त्याला विक्रीचे प्रमाणपत्र किंवा परदेशातील खरेदीचे बिल, नमुना 22 मधील रस्तायोग्यतेचे प्रमाणपत्र, विमा, पत्त्याचा पुरावा, पॅन आणि आयात गाडीसाठी कस्टमचे मंजुरीपत्र जोडावे लागते. यांखेरीज बिल ऑफ एंट्री (कस्टमकडे भरलेले आयातीचे घोषणापत्र), कर भरल्याचे चलन, जहाजाची बिल्टी, चाचणी संस्थेचा अहवाल आणि गाडी परदेशात नोंदलेली असेल तर तिथली नोंदणी रद्द झाल्याचा कागद, हा संच मूळ प्रतींसह एकाच फाइलमध्ये ठेवावा.

या सगळ्या कागदांना बांधून ठेवणारा धागा म्हणजे चासी नंबर. तो सतरा अंकी आणि अक्षरी असतो, आणि त्यात इंग्रजी आय, ओ व क्यू ही तीन अक्षरे कधीच वापरत नाहीत, कारण ती एक आणि शून्य या अंकांसारखी दिसतात. म्हणून एखाद्या कागदावर चासी नंबरात ओ हे अक्षर दिसले, तर टंकणाऱ्याने शून्याच्या जागी ते टाकले आहे हे समजावे आणि तो कागद तेव्हाच दुरुस्त करून घ्यावा. गाडीजवळ बसून, प्रत्यक्ष गाडीवरचा नंबर एकाने मोठ्याने वाचावा आणि दुसऱ्याने प्रत्येक कागदावर बोट ठेवून तो ताडून पाहावा. बिल ऑफ एंट्री, विमा, तात्पुरती नोंदणी आणि नमुना 22 या चारही ठिकाणी तो अक्षर न् अक्षर सारखा असला पाहिजे. बंदरावर असतानाच चूक सापडली तर एजंट ती दुरुस्त करून आणू शकतो. बेळगावला पोहोचल्यावर सापडली तर त्याच दुरुस्तीसाठी मुंबईच्या खेपा घालाव्या लागतात आणि तोवर गाडी घरी उभी राहते.

सीमाभागातील वाहनधारकाला आणखी एक दक्षता घ्यावी लागते. आपल्याकडे एकाच माणसाचे नाव आधारवर एका प्रकारे, पॅनवर दुसऱ्या प्रकारे आणि जुन्या घरपट्टीवर तिसऱ्याच प्रकारे लिहिलेले असते. वडिलांचे नाव कुठे मध्ये येते, कुठे फक्त आद्याक्षर असते, आणि गावाचे नावही जुन्या-नव्या अशा दोन रूपांत आढळते. आयातीचे कागद पासपोर्टवरच्या नावाने तयार होतात आणि नोंदणीचा पुरावा आधारचा दिला जातो, तेव्हा ही तफावत उघडी पडते. ती मिटवण्याचे काम गाडी समुद्रात असतानाच उरकून घ्यावे.

पहिला रस्ता : कॅरिअरवरून नेणे

बंदरापासून बेळगावपर्यंतच्या टप्प्यासाठी माझा स्पष्ट सल्ला कॅरिअरचा आहे. चारही चाके वर असलेली गाडी कायद्याच्या दृष्टीने माल असते. तिची नोंदणी आहे की नाही हा प्रश्न उद्भवत नाही, आणि नोंदणी लागते ती वाहून नेणाऱ्या ट्रकची. अर्थात मालाला लागणारे कागद सोबत हवेत. 50000 रुपयांपेक्षा जास्त किमतीच्या मालाला इ-वे बिल (मालवाहतुकीसाठी ऑनलाइन काढायचा दाखला) लागते. ते बिल ऑफ एंट्रीच्या आधारे क्लिअरिंग एजंटाकडून करून घ्यावे आणि वाहतुकीचा विमा वेगळा उतरवावा, कारण मोटारीचा तृतीय पक्ष विमा ट्रकवरून उतरवताना झालेली मोडतोड भरून देत नाही. पुणे, सातारा, कोल्हापूर, कागल या मार्गाने येणारा ट्रक कोगनोळीच्या टोलनाक्यापाशी कर्नाटकात शिरतो. तिथे गाडी अडवून विचारणा झाली तर चालकाकडे मूळ नव्हे तरी स्वच्छ छापील प्रतींचा एक संच असावा, आणि ज्याच्याशी बोलता येईल असा मालकाचा किंवा एजंटाचा फोन नंबर त्यावर लिहिलेला असावा.

कॅरिअरच्या बाबतीत घात होतो तो शेवटच्या शंभर मीटरमध्ये. शहापूर किंवा वडगावच्या गल्लीत मोठा ट्रक शिरत नाही, म्हणून चालक गाडी हमरस्त्यावर उतरवतो आणि इथून घर जवळच आहे, चालवत न्या, असे सांगून मोकळा होतो. कायद्यातील सार्वजनिक जागेच्या व्याख्येत लोकांना ये-जा करण्याचा हक्क असलेली कोणतीही वाट येते, त्यामुळे आपली गल्लीही तिच्यातून सुटत नाही. ट्रक ठरवतानाच विचारून घ्यावे, की गाडी नेमकी कुठे उतरणार. दारापर्यंत ट्रक येणार नसेल, तर शहरातील हायड्रॉलिक प्लॅटफॉर्मवाली टोइंग गाडी बोलावून तिथून घरच्या आवारात आणावी.

दोर बांधून ओढत नेण्याचा विचारही करू नये. कायद्याच्या कलम 2 मध्ये चालकाची जी व्याख्या आहे, तिच्यात ओढल्या जाणाऱ्या वाहनाचे स्टीअरिंग धरून बसलेला माणूसही चालक मानला आहे. इंजिन बंद असले, तरी ती गाडी चालवली जात नव्हती असे म्हणता येणार नाही.

दुसरा रस्ता : व्यापार प्रमाणपत्र

विक्रेते, उत्पादक आणि आयातदार यांना परिवहन खाते व्यापार प्रमाणपत्र देते, आणि नियम 41 मध्ये त्या प्रमाणपत्रावर गाडी कोणत्या कामांसाठी रस्त्यावर आणता येते ते दिले आहे. नोंदणीसाठी नेणे आणि तिथून परत आणणे हे त्या यादीत आहे, तसेच वजनकाट्यावर नेणे आणि बॉडी, रंग किंवा दुरुस्तीसाठी वर्कशॉपला नेणे हेही आहे. अशा गाडीवर लाल पाटीवर पांढऱ्या अक्षरांत व्यापार क्रमांक असतो.

तुम्ही गाडी व्यावसायिक आयातदाराकडून घेतली असेल, तर हा रस्ता सर्वांत सुटसुटीत आहे : गाडी त्याच्या ताब्यात, त्याच्या प्रमाणपत्रावर आणि त्याच्या माणसाने चालवत आरटीओत न्यावी. मात्र नियम 40 नुसार हे प्रमाणपत्र ज्याला दिले आहे त्यानेच वापरायचे असते. ओळखीच्या शोरूमवाल्याची लाल पाटी एका दिवसापुरती मागून आणून स्वतः आणलेल्या गाडीला लावणे हे बेकायदा आहे. वाटेत अपघात झाला तर विमा कंपनीपुढे तुमची बाजू लंगडी पडेल आणि त्या शोरूमवाल्याचे प्रमाणपत्रही धोक्यात येईल. ज्याने चांगुलपणाने मदत केली त्याला अशा अडचणीत टाकू नये.

तिसरा रस्ता : तात्पुरती नोंदणी

स्वतःच्या नावावर गाडी आणणाऱ्याने आरटीओपर्यंत ती स्वतः चालवत न्यायची असेल, तर तात्पुरती नोंदणी, ज्याला आपल्याकडे सर्रास टेम्पररी पासिंग म्हणतात, ती घेतल्याशिवाय गत्यंतर नाही. कायद्याच्या कलम 43 मध्ये तिची तरतूद आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर मालक कोणत्याही नोंदणी प्राधिकाऱ्याकडे तिच्यासाठी अर्ज करू शकतो. अर्ज नमुना 20 मध्येच, सरकारच्या ‘वाहन’ या संकेतस्थळावरून भरायचा असतो, आणि मंजूर झाल्यावर नमुना 23 ब मध्ये तात्पुरते प्रमाणपत्र मिळते.

सीमाभागातील माणसाने हे कलम नीट समजून घ्यावे. त्याच कलमाला जोडलेल्या परंतुकाप्रमाणे, म्हणजे अपवाद सांगणाऱ्या वाक्याप्रमाणे, राज्य सरकारला राज्याच्या आतच चालणाऱ्या वाहनाची एका महिन्यासाठी तात्पुरती नोंदणी करता येते. म्हणजे तात्पुरत्या नोंदणीचे दोन प्रकार झाले, आणि महाराष्ट्रात घेतलेली राज्यापुरती नोंदणी कागल ओलांडल्यावर उपयोगाची राहत नाही. बंदराजवळच्या कार्यालयात अर्ज करताना गाडीची कायम नोंदणी कर्नाटकात व्हायची आहे हे अर्जात आणि तोंडी अशा दोन्ही प्रकारे स्पष्ट सांगावे, आणि मिळालेल्या प्रमाणपत्रावरचा मजकूर व मुदत तिथेच खिडकीपाशी उभे राहून वाचावी. एजंटाने काम केले असेल तर घाईत राज्यांतर्गत पर्याय निवडला गेला नाही ना, हे स्वतः पाहावे. सीमा ओलांडण्याआधी वाचलेली एक ओळ पुढचा मोठा त्रास वाचवते.

गाडी कॅरिअरवरून बेळगावला आणून घरी उतरवली असेल, तर तात्पुरती नोंदणी इथल्याच कार्यालयातून घ्यावी. ती राज्यापुरती असली तरी काम भागते. बेळगावचे कार्यालय केए 22, चिक्कोडीचे केए 23, बैलहोंगलचे केए 24 आणि गोकाकचे केए 49 या क्रमांकाचे आहे. कलम 40 मधील दुरुस्तीमुळे राज्यातील कोणत्याही नोंदणी प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, तरीही गाडी जिथे कायम राहणार आहे तिथलेच कार्यालय निवडणे व्यवहाराला बरे, कारण पुढे पत्ता, कर्ज किंवा हस्तांतरणाचे काम निघाले की पुन्हा तिथेच जावे लागते.

तात्पुरत्या क्रमांकाची पाटी पिवळी आणि अक्षरे लाल असतात. क्रमांक इंग्रजी टी या अक्षराने सुरू होतो, त्यानंतर महिना व वर्ष आणि मग राज्याचे सांकेतिक अक्षर येते. तो कागदावर छापून काचेला चिकटवणे नियमात बसत नाही. पुढे आणि मागे व्यवस्थित पाटी लावावी. चावी मिळाल्याच्या उत्साहात हे राहून जाते, आणि नेमके याच कारणाने नाक्यावर गाडी थांबवली जाते.

कोल्हापूर, गडहिंग्लज किंवा चंदगडला नातेवाईक असलेल्यांना मामांच्या पत्त्यावर महाराष्ट्रातच कायम पासिंग करून टाकू, असे अनेकदा सुचवले जाते. गाडी कायम राहणार निपाणीत किंवा खानापुरात, आणि पत्ता द्यायचा दुसऱ्या राज्यातला, हे खोटे निवेदन ठरते. शिवाय कलम 47 नुसार गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ राहिली की तिथला नवा क्रमांक घ्यावाच लागतो, त्यासाठी ना हरकत प्रमाणपत्र आणावे लागते आणि इथला करही भरावा लागतो. ज्याचे घर सीमेच्या ज्या बाजूला आहे त्याने त्याच बाजूची नोंदणी करावी.

विमा

कलम 146 प्रमाणे तृतीय पक्ष विम्याशिवाय गाडी रस्त्यावर आणता येत नाही. कलम 196 मध्ये त्यासाठी पहिल्या वेळी 2000 रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद आहे. क्रमांक नसलेल्या गाडीचा विमा चासी आणि इंजिन नंबरावर काढतात. गाडी आयात केलेली आहे, अद्याप नोंदलेली नाही आणि ती नोंदणीसाठी चालवत न्यायची आहे, या तीनही गोष्टी विमा कंपनीला लेखी कळवाव्यात. पॉलिसीवर विमा कधीपासून लागू होतो याची तारीखच नव्हे तर वेळही छापलेली असते. सकाळी आठला निघायचे आणि विमा दुपारी लागू होणार, असे व्हायला नको. गाडी मालकाऐवजी दुसरा कोणी चालवणार असेल तर त्याच्या परवान्याची मुदत पाहून ठेवावी.

तपासणीच्या आदल्या दिवशी

निरीक्षक, ज्यांना आपल्याकडे अजूनही ब्रेक इन्स्पेक्टर म्हणतात, ते पहिल्यांदा चासी नंबर पाहतात. तो कुठे कोरला आहे हे मालकालाच माहीत नसते आणि मग आरटीओच्या आवारात बॉनेट उघडून शोधाशोध सुरू होते. काही गाड्यांत तो पुढच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात, काहींत चालकाच्या बाजूच्या दाराच्या खांबावर आणि काहींत सीटखालच्या गालिच्याचा कापलेला तुकडा उचलल्यावर पत्र्यावर दिसतो. पत्र्यावर कोरलेल्या नंबराचा पेन्सिल प्रिंट द्यावा लागतो, म्हणून त्याचा सराव घरीच करावा. कोरलेली जागा आधी कोरड्या फडक्याने पुसून घ्यावी, कारण जहाजातून आलेल्या गाडीवर मेणाचा किंवा ग्रीसचा पातळ थर असतो आणि त्यावर कागद सरकतो. मग पातळ कागद दोन्ही टोकांना चिकटपट्टीने घट्ट बसवावा आणि मऊ शिशाची पेन्सिल आडवी धरून हलक्या हाताने एकाच दिशेने फिरवावी. दाब जास्त झाला तर अक्षरांच्या कडा भरून जातात आणि आठचा तीन की तीनचा आठ, हे कळेनासे होते. स्वच्छ आलेले दोन-तीन प्रिंट फाइलमध्ये ठेवावेत.

त्यानंतर दिवे, इंडिकेटर, ब्रेकचे दिवे, हॉर्न, वायपर, आरसे, सीटबेल्ट आणि टायर तपासावेत. जहाजात महिनाभर उभ्या राहिलेल्या गाडीची बॅटरी उतरलेली असते आणि टायरमधील हवा कमी झालेली असते. ब्रेकच्या तबकड्यांवर गंजाचा थर आलेला असेल तर आवारातल्या आवारात गाडी थोडी पुढे-मागे करून ब्रेक साफ लागतात ना, हे पाहावे. काचांवर काळी फिल्म असेल तर ती काढावी. नियम 100 प्रमाणे पुढच्या व मागच्या काचेतून किमान 70 टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान 50 टक्के प्रकाश आत आला पाहिजे, आणि वरून फिल्म लावण्यावर सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्येच बंदी घातली आहे. परदेशातील क्रमांकाची पाटी काढून घरी ठेवावी. हौसेपोटी ती लावलेली राहिली तर विनाकारण संशय येतो.

प्रवासाचा दिवस

तात्पुरती नोंदणी मुदतीत असेपर्यंत गाडी कोणत्याही रस्त्याने नेता येते, पण नवख्या गाडीने गर्दीत शिरू नये. ऊस गाळपाच्या हंगामात चिक्कोडी, संकेश्वर आणि निपाणी भागातील रस्त्यांवर ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या लावलेल्या असतात आणि पहाटे व रात्री त्यांच्या मागचे दिवे दिसतीलच याची शाश्वती नसते. कोल्हापूरकडून स्वतः चालवत येणाऱ्याने तवंदी घाट दिवसाउजेडी पार करावा. टोलनाक्यासाठी चासी नंबरावर फास्टॅग घ्यावा, नाहीतर जादा टोल भरावा लागतो.

सोबत मूळ तात्पुरते प्रमाणपत्र, विमा, चालकाचा परवाना, कस्टमचे मंजुरीपत्र आणि तपासणीच्या वेळेची पावती असावी. मोबाइलवरील फोटोवर विसंबू नये. वाटेत थांबवले तर गाडी बाजूला घ्यावी, इंजिन बंद करावे आणि न मागता तात्पुरते प्रमाणपत्र व विमा पुढे करावा. कर्नाटकातील अंमलदार बहुधा कन्नडमध्ये विचारतात. ज्यांना कन्नड सफाईने बोलता येत नाही त्यांनी गाडी आयात केलेली आहे, तात्पुरता क्रमांक अमुक आहे, नोंदणीसाठी अमुक कार्यालयात चाललो आहोत, एवढा मजकूर कन्नड जाणणाऱ्या शेजाऱ्याकडून एका कागदावर लिहून घ्यावा. अशी गाडी रोज पाहण्यात नसते, त्यामुळे अंमलदाराला शंका येणे स्वाभाविक आहे आणि तिचे निरसन करणे हे आपले काम आहे.

तपासणी, कर आणि परतीचा प्रवास

निरीक्षक चासी व इंजिन नंबर ताडतात, पेन्सिल प्रिंट पाहतात, गाडीचे मॉडेल, आसनसंख्या, इंधन, इंजिनाची क्षमता आणि रंग कागदांशी जुळतो का ते तपासतात, आणि नमुना 20 च्या शेवटी असलेल्या तपासणीच्या दाखल्यावर सही करतात. आयात मोटारीच्या नोंदणीचे केंद्रीय शुल्क 5000 रुपये आणि आयात मोटारसायकलचे 2500 रुपये आहे. खरा भार असतो राज्याच्या आजीवन कराचा. पेट्रोल-डिझेलवरील मोटारींसाठी कर्नाटकात किमतीप्रमाणे 13, 14, 17 आणि 18 टक्के असे टप्पे आहेत आणि 20 लाख रुपयांवरील गाडीला 18 टक्के लागतो. त्यावर उपकर वेगळा. आयात गाडीची किंमत धरताना परदेशातील बिल नव्हे, तर कस्टम शुल्कासह गाडी बंदरातून सुटेपर्यंतची किंमत धरतात. ही किंमत 30 लाख रुपये झाली, तर उपकर वगळता 5 लाख 40 हजार रुपये करापोटी तयार ठेवावे लागतात. अनेकांचे काम तपासणी उत्तम होऊनही केवळ या रकमेपाशी अडते, म्हणून हा हिशेब गाडी मागवण्यापूर्वीच करून ठेवावा.

आता परतीचा विचार, जो बहुतेक जण करतच नाहीत. तपासणीत एखादी त्रुटी निघाली किंवा निरीक्षक त्या दिवशी उपलब्ध नसले, तर गाडी परत न्यावी लागते, आणि तेव्हाही ती नोंदणी न झालेलीच असते. तात्पुरत्या नोंदणीवर आलेल्याने मुदतीचे किती दिवस शिल्लक आहेत ते पाहावे; म्हणूनच तपासणीची वेळ मुदतीच्या अखेरच्या आठवड्यात घेऊ नये. व्यापार प्रमाणपत्रावर आलेली गाडी परत जाऊ शकते, कारण नियमात नोंदणीच्या ठिकाणी जाणे आणि तिथून येणे हे दोन्ही आहे, पण ती त्या विक्रेत्याच्या माणसानेच परत न्यावी. टोइंग गाडीवरून आणली असेल तर टोइंगवाल्याशी दोन्ही फेऱ्यांचे भाडे आधीच ठरवून त्याला थांबवून ठेवावे. आवाराबाहेर रस्त्याच्या कडेला गाडी सोडून देणे हा पर्याय नाही, कारण ती जागाही सार्वजनिकच असते.

तपासणी उत्तीर्ण होऊन कर भरला गेला तरी कायम क्रमांक मिळेपर्यंत आणि उच्च सुरक्षा क्रमांकपाटी बसेपर्यंत थोडा अवधी जातो. या काळात तात्पुरती नोंदणी जिवंत असेल तर तिचीच पाटी राहू द्यावी. ती संपलेली असेल तर गाडी आवारातच उभी ठेवावी. कायम क्रमांक मिळाल्यावर विमा कंपनीला तो कळवून पॉलिसीवर नोंद करून घ्यावी आणि फास्टॅगवरही चासी नंबराच्या जागी तो टाकून घ्यावा.